चार महिन्यांत एक डाग नाही

पहिली प्रतिक्रिया माझीच होती, हे आधीच सांगून टाकते. सकाळचे सव्वाआठ झाले होते. आदेश, म्हणजे माझा नवरा, पहाटेच फर्स्ट शिफ्टला वाशिंदच्या कंपनीत गेला होता, सासरे त्यांच्या रोजच्या फेरीला बाहेर पडले होते, आणि मी संडासात उकिडवी बसून कमोडच्या कडेखालून जुना टूथब्रश फिरवत होते. मोबाईल बाहेर वॉशिंग मशीनवर वाजला. हातमोजा काढला आणि बघितलं. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरी भावेशनी फोटो टाकला होता. आमच्या सी विंगच्या मागं एक मोकळा प्लॉट आहे. बिल्डरने तिथं बाग देतो म्हणून सांगितलं होतं, आता तिथं रुईची झुडपं आणि सुकलेलं गवत आहे. त्या गवतात एक माणूस पाठमोरा बसलेला होता. फोटो वरून, कोणाच्या तरी चौथ्या मजल्याच्या खिडकीतून काढलेला. खाली लिहिलं होतं, 'हे रोज चालू आहे. आपण आसनगावात घरं घेतली ती हे बघायला का?' मी उघड्या हाताच्या अंगठ्याने लिहिलं, 'असल्या लोकांना गेटच्या आत घेतंच कोण? शिक्षा झालीच पाहिजे.' फोन ठेवला, आत जाऊन फ्लश केला. पाणी फिरलं, निवळलं, तळाशी छतावरचा दिवा स्वच्छ दिसला. मला बरं वाटलं. लिहिल्याचंही आणि दिवा दिसल्याचंही.

हसू येईल कोणाला, पण त्याच आठवड्यात मंगळवारी मी बायकांच्या ग्रुपवर आमच्या कमोडचा फोटो टाकला होता. आमच्या सोसायटीला बोअरचं पाणी आहे. इथं प्रत्येकीच्या घरी कमोडमध्ये पाण्याच्या रेषेवर तांबूस कडं धरतं, आणि फ्लशचं पाणी उतरतं तिथं पिवळे ओघळ. चाळीस घरांतल्या चाळीस बायका रोज तेच घासतात आणि एकमेकींना सांगत नाहीत. माझं मात्र पांढरंशुभ्र. म्हणून मी कृती लिहिली. आधी भांड्यातलं पाणी मगाने काढून टाकायचं, कारण पाण्यात औषध टाकलं की ते पातळ होऊन फुकट जातं. जुन्या सुती साडीच्या पट्ट्या करायच्या, गरम पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून त्यात भिजवायच्या आणि डागांवर चिकटवून तासभर ठेवायच्या. मग ब्रश. उरलेल्या हट्टी डागाला पाण्याचा पॉलिश पेपर, तोही अगदी हलक्या हाताने, नाहीतर चकाकी जाते आणि मग डाग दुप्पट धरतो. ॲसिड चुकूनही नाही, आणि ॲसिडवर ब्लीचिंग पावडर तर जन्मात नाही. शेवटी मी लिहिलं होतं, 'चार महिन्यांत एक डाग नाही.' एकवीस जणींनी अंगठे दिले. सेक्रेटरींच्या बायकोने, भावनाने, लिहिलं, 'अनिताताई, तुम्ही क्लास घ्या.' मी ते वाक्य दिवसभरात पाच-सहा वेळा उघडून वाचलं. माणसाला कशाचा अभिमान वाटेल ते सांगता येत नाही, आणि मला ह्याचा वाटत होता, कारण बारावी नापास बाईने क्लास घ्यावा असं दुसरं माझ्याकडे काय होतं?

हात धुऊन चहा टाकला आणि पुन्हा फोन उघडला. माझ्या मेसेजखाली रांग लागली होती. 'बरोबर बोललात ताई.' 'हा वॉचमन रामूचाच कोणीतरी असणार.' 'पाड्यावरची माणसं, त्यांना कुठं बसायचं ते काय कळतं.' 'मागच्या आठवड्यात रामूचा भाऊ आला होता राहायला, तोच.' 'रामूला काढा, सगळं आपोआप थांबेल.' मी खाली खाली वाचत गेले. वाचताना तो माणूस नीट बघावा म्हणून दोन बोटांनी फोटो ताणला. मरून रंगाचा हाफ स्वेटर. मानेच्या मागं, कॉलरपाशी, निळ्या-पांढऱ्या चौकडीच्या कापडाची पट्टी. ती पट्टी मी लावली होती. हर्षाली, माझी मुलगी, आता कल्याणला नर्सिंगच्या होस्टेलवर असते. तिच्या शाळेच्या पिनाफोरमधून मी ती कापली होती, स्वेटर तिथं उसवला होता म्हणून, मागच्या थंडीत, ह्याच ओट्याशी उभी राहून. चहा उतू गेला. गॅस बंद करायला हात पुढं केला आणि तो तसाच राहिला. ज्योत आपोआप विझली, गॅसचा वास यायला लागला, तेव्हा बटण फिरवलं.

बाबा. बारकू हे त्यांचं नाव, शेणवे गावचे, जन्मभर भात लावलेला माणूस. सासूबाई गेल्यावर दोन वर्षांपूर्वी आदेशने त्यांना इथं आणलं. घर आमचं एकच खोली, एक स्वयंपाकघर, आणि पॅसेजमध्ये समोरासमोर बाथरूम आणि संडास. बाबा बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपतात. माणूस असा, की दिवाणावर एका कडेलाच झोपणार, उरलेला दिवाण कोणाला तरी लागेल म्हणून. मी सकाळी उठायच्या आत त्यांची चादर घडी घातलेली असते. रोज सातला बाहेर पडतात, आठ-साडेआठला येतात. मी विचारलं होतं एकदा, कुठं जाता? म्हणाले, 'फिरतो जरा. पाय मोकळे करतो.' मला आवडलं होतं ते. डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं चाललंय, असं मी नणंदेलाही फोनवर सांगितलं होतं.

आता मी चार महिने मागं मोजत गेले, आणि मोजायची गरज नव्हतीच, तारीख पाठ होती. नवरात्रातलं हळदीकुंकू. आमच्या घरी पहिल्यांदाच विंगमधल्या बायका आल्या होत्या, अकरा जणी, दिवाणावर, खुर्च्यांवर, सतरंजीवर. मी मसालेदूध केलं होतं. भावना उठून विचारती झाली, बाथरूम कुठं. मी पॅसेज दाखवला. ती आत गेली आणि लगेच बाहेर आली. नाकाला रुमाल नव्हता, तोंडाने काही बोलली नाही, फक्त बसताना साडी गुडघ्यापाशी जरा आवळून घेतली. तेवढंच. मला ते आवळणं अजून दिसतं. त्या गेल्यावर मी आत बघितलं. कमोडच्या आत काळा, डांबरासारखा ओघळ, आणि सीटवर चपलेच्या तळव्याची नक्षी, कारण बाबांना बसून होत नाही, ते वर चढून उकिडवे बसत. मी त्यांना हाक मारली. ते आले. मी म्हटलं, 'बघा.' ते बघेनात, तर मी त्यांच्या दंडाला धरून पुढं केलं. शहात्तर वर्षांच्या माणसाला मी त्याची घाण दाखवली, शाळेत बाई पोराला फुटलेली पाटी दाखवतात तशी. म्हणाले, 'पाणी टाकलं व्हतं गो दोन टाइम.' मी म्हटलं, 'पाण्याने जात नाही हे. मला हाताने घासावं लागतं. गावाला चालत असेल, इथं माणसं राहतात.' मग त्यांनी हळूच विचारलं, 'काळं कशानं होतं पण?' आणि मी म्हणाले, 'तुमच्याच पोटातलं ना ते? मला काय विचारता?'

माझी चीड काही त्या दिवसाची नव्हती, हेही खरं आहे, आणि ते मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगते, वकिलाने आशिलाची बाजू मांडावी तसं. मी मुरबाडकडची. आमच्या गावात तेव्हा संडास नव्हते. स्वच्छतेची मोहीम आली तेव्हा मी सतरा वर्षांची होते. सकाळी पथक यायचं, गुडमॉर्निंग पथक म्हणायचे त्याला, शिट्ट्या वाजवत. ओढ्याच्या बाजूला बायका बसलेल्या असत, तिथं पंचायतीचा शिपाई, एक मास्तर आणि तालुक्याहून आलेला एक साहेब असे उभे राहिले आणि शिट्टी फुंकली. सगळ्या बायका झटकन उठल्या. आईला गुडघ्यांमुळे पटकन उठता येत नव्हतं. ती तशीच अर्धवट उठली, लुगडं सावरत, टमरेल लवंडलेलं, आणि त्या साहेबाने तिला गुलाबाचं फूल दिलं. लाज वाटावी म्हणून फूल द्यायचं, अशी ती पद्धत होती. मास्तर हसत होता. आईने फूल घेतलं. आता काय करणार? देणाऱ्याला नको म्हणायची तिला सवयच नव्हती. घरी येईपर्यंत ते तिच्या हातात होतं, आणि घरी आल्यावर ते कुठं टाकावं हे तिला कळेना. मी तेव्हाच ठरवलं, की माझ्या घरात दार लागणारा संडास असेल, आणि तो असा असेल की कोणीही कधीही आत जावं आणि काही सापडू नये. आदेशचं स्थळ आलं तेव्हा मी एकच विचारायला लावलं होतं. मोरी घराच्या आत आहे का, संडास आहे का. मावशी हसली होती. फ्लॅट घेताना आदेश बाल्कनी बघत होता, मी फ्लश ओढून बघत होते.

ते सगळं खरं. पण फोटो काढणारा आता मी ज्या बाजूला उभी होते त्या बाजूचा होता. शिट्टी माझ्या तोंडात होती. मी ती फुंकलीही होती, सगळ्यांच्या आधी, सव्वाआठला.

बाबा आले. तीन जिने चढून आले की ते दाराशी थोडं थांबतात, भिंतीला हात लावून, श्वास खाली बसेपर्यंत. मी ते रोज ऐकते. वय झालं, म्हणते. आज मी दार उघडून तिथंच उभी राहिले. त्यांचे ओठ पांढरे होते, नखं पांढरी होती. हे मला आजच दिसावं? ते आत आले, चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या, दिवाणाच्या कडेला बसले. मी चहा दिला, बशीत दोन टोस्ट ठेवले. त्यांनी एक टोस्ट परत माझ्याकडं सरकवला. म्हणाले, 'एक पुरे.' मी म्हटलं, 'रोज एकच खाता. रात्री पण अर्धी भाकरी.' 'भूक नाय लागत आता.' 'बाबा, खरं सांगा.' त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकला, प्यायला नाही. मग म्हणाले, 'कमी खाल्लं का कमी जावं लागतं. येक टायमात भागतं.'

असं बोलले, जसं विजेचं बिल कमी कसं येतं ते सांगावं. मी म्हटलं, 'घरात संडास असताना तुम्ही तिकडं मागं जाता?' त्यांनी बशी खाली ठेवली. आपण ओळखले गेलो ह्याची त्यांना लाज वाटली, माझ्यापुढं वाटली, आणि ती बघून मला त्यांचाच राग आला. हे मला लपवता येणार नाही. इतकं सोसून माझ्यावर उपकार करणाऱ्या माणसाचा मला राग आला. ते म्हणाले, 'तुला घासाया लागतं ना. मी बघतो, तू सकाळी आत बसतेस वाकून, अर्धा-अर्धा तास. कंबर धरून उठतेस. तिकडं गवत हाय, कोणाला काय त्रास नाय. सवय हाय आमाला.' मी म्हटलं, 'आणि काळं? ते अजून होतं?' तर चेहरा जरा उजळला त्यांचा, म्हणाले, 'नाय, ते बंद झालं. मी शोधून काढलं कशानं व्हतं ते.' उठले, दिवाणाखालची त्यांची पत्र्याची पेटी ओढली, आणि त्यातून गोळ्यांची पाकिटं काढून माझ्या हातात दिली, जपून, एकावर एक रचून, रबर लावलेली. लोहाच्या गोळ्या. शहापूरच्या डॉक्टरांनी दिलेल्या. एकही फोडलेली नव्हती. मी दर महिन्याला आणून देत होते, ते दर महिन्याला ठेवत होते. 'ह्या घ्यायला लागल्यापासून काळं व्हायला लागलं. सोडल्या, लगेच बरा झाला रंग. फुकट नाय घालवल्या गो, परत देता येतील दुकानात.'

डॉक्टर म्हणाले होते. मी तिथंच होते, बाबांच्या शेजारच्या स्टुलावर, त्यांची पिशवी मांडीवर घेऊन. रक्त फार कमी आहे, सात आहे फक्त, सहा महिने गोळ्या चुकवायच्या नाहीत, शौचाला काळं होईल, घाबरू नका. डॉक्टर माझ्याकडं बघून म्हणाले होते, कारण घरात लक्षात ठेवणारी मी. मी मान हलवली होती. आणि बाहेर पडता पडता विसरले होते, कारण मला तिथून जवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर घ्यायचा होता. चार महिन्यांत एक डाग नाही. लिंबूसत्त्वाने नाही, साडीच्या पट्ट्यांनी नाही. आदेश सगळं कंपनीत उरकतो, तिथं म्हणे गरम पाणी येतं. हर्षाली होस्टेलवर. बाबा गवतात. ते भांडं वापरत होते कोण? मी एकटी. एका बाईने वापरलेलं आणि तिनेच रोज दोनदा घासलेलं भांडं पांढरं राहतं, त्यात काय कृती? आणि ती मी चाळीस घरांना शिकवली. ह्यातली निम्मी घरं आता रोज साड्या फाडत असतील.

मी आत जाऊन आदेशला फोन लावला. मागं मशीनचा घरघराट होता, तो बाहेर आला असावा, आवाज कमी झाला. मी म्हटलं, 'अहो, ग्रुपवर फोटो बघितलात?' 'बघितला.' 'ते बाबा आहेत.' मी पुन्हा म्हटलं, 'ऐकलंत का?' 'अगं, माहीत आहे मला,' तो म्हणाला. 'आपला बाप पाठीवरून ओळखू येणार नाय का मला?' मी विचारलं, मग तुम्ही लिहिलं का नाही काही. 'काय लिहू? तू आधीच लिहून बसलेली. बायको म्हणते शिक्षा करा आणि नवरा म्हणतो माझा बाप आहे, असं लिहू?' मग त्याचा आवाज खाली आला. 'तोंड दिसत नाय फोटोत. गप्प बस. चार दिवसांत विसरतील लोक. त्यांना सांग उद्यापासून घरातच जायचं.' मी म्हटलं, 'आणि रामू? त्याच्यावर घेतलंय सगळ्यांनी.' 'एजन्सीचा माणूस आहे तो, दुसरीकडं लावतील त्याला. ठेवतो, सुपरवायझर बघतोय.' फोन बंद झाला. मला वाटलं होतं की तो रागावेल, मला वाटेल ते बोलेल, बापासाठी. ते मला हवं होतं. त्याने माझी बाजू घेतली, आणि इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

बाहेर आले तर बाबा उभे होते. घर एवढंसं, सगळं ऐकू जातं. 'रामूला काय केलंन?' त्यांनी विचारलं. मी सांगितलं, फोटो सांगितला, लोक काय म्हणतात ते सांगितलं. माझी प्रतिक्रिया सांगितली नाही. बाबा म्हणाले, 'त्या बिचाऱ्याला म्हाईत हाय. रोज बघतो मला. येक दिवस काठी आणून दिलीन, म्हणला साप असतो बाबा तिकडं, आपटत जा. त्याला विचारलं असेल ना यांनी? त्यानं नाव नाय घेतलंन माझं?' नाही घेतलं, मी म्हटलं. बाबांनी मान हलवली. खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली, दोन्ही हातांनी नीट बसवली, जशी ते ग्रामसभेला जाताना घालत. 'मी खाली जातो. शेटरीला सांगतो, मीच व्हतो. पोराबाळांचा हाय तो रामू.' मी म्हटलं, 'बाबा, थांबा.' 'आता थांबून काय? खरं हाय ते हाय. त्यात काय चोरी केली?' म्हणाले आणि एवढं बोलून दम लागला म्हणून भिंतीला हात लावून उभे राहिले. मला तेव्हा जे वाटलं ते सांगते. मला वाटलं, जाऊ दे त्यांना. जाऊ दे, सांगू दे, सगळ्या बायकांना कळू दे, एकदाचं हे पांढरं भूत माझ्या छातीवरून उतरू दे. मी त्यांच्यासोबत जाईन, जिना उतरताना त्यांचा हात धरीन, आणि म्हणेन, हे माझे सासरे. एवढंच तर वाक्य. मी पदर खोचलासुद्धा.

आणि बेल वाजली. दाराच्या भिंगातून बघितलं तर भावेश, हातात फाईल, कानाला पेन. मागं कोणी नव्हतं. बाबा पुढं झाले. त्यांच्या अंगात तोच स्वेटर होता, मानेमागं तीच चौकडीची पट्टी. ती पट्टी एवढी मोठी दिसत होती मला. मी त्यांच्यापुढं झाले. 'बाबा, आत जा,' मी म्हटलं. ते काही न कळल्यासारखे बघत राहिले. 'आत. पाया पडते तुमच्या.' मी खरंच वाकले होते. खोली एकच. मी त्यांना पॅसेजमध्ये नेलं, संडासाचं दार उघडलं, ते आत गेले, आणि मी दार ओढून बाहेरून कडी घातली. घाईत घातली म्हटलं तर ते खोटं आहे. मी ती सावकाश घातली, आवाज होऊ नये म्हणून.

भावेश आत येऊन दिवाणावर बसले, बाबांच्या कडेवरच. 'ताई, दोन मिनिटं. एजन्सीला लेटर देतोय, रामूच्या बाबतीत. सगळ्यांच्या सह्या घेतो म्हणजे उद्या कोण म्हणायला नको. तुम्ही सगळ्यात आधी बोललात, म्हणून म्हटलं पहिली सही तुमची.' कागद पुढं केला. त्यावर छापलं होतं, की वॉचमन आपल्या नातेवाइकांस आवारात घाण करू देतो, तरी त्यास तात्काळ काढून दुसरा द्यावा. मी विचारलं, 'तो काय म्हणतो?' 'काय म्हणणार? खाली मान घालून उभा. तोंड उघडत नाय, म्हणजे तोच ना.' मी म्हटलं, 'कोणी दुसरं असेल तर?' भावेशनी माझ्याकडं बघितलं. साधंच बघितलं, पण मी नजर फाईलकडं वळवली. 'दुसरं कोण, ताई? आपल्यातलं कोण जाईल तिकडं? तुम्हाला कोणावर डाऊट आहे का?' पॅसेजमध्ये काहीतरी आपटलं, प्लास्टिकचं, बहुतेक मग. 'आत कोणी आहे?' त्यांनी विचारलं. मी म्हटलं, 'नाही. मी घासत होते, तशीच आले. ब्रश पडला असेल.' ते हसले. 'भावना वेडी झालीय तुमच्या त्या फॉर्म्युल्यापायी. माझी नवी बनियन फाडली पट्ट्या करायला. लेटर झालं की एक दिवस या तिला शिकवायला.' मी येते म्हणाले. त्यांनी पाणी मागितलं, मी दिलं. त्यांनी सावकाश प्यायलं, बोअर खोल करायचं बोलले, पार्किंगचं बोलले. मी कागदावर सही केली. पूर्ण नाव लिहिते मी सही म्हणून, बाबांच्या आडनावासकट.

दार लावून मी तशीच उभी राहिले. खाली गेटवर रामू असेल, भावेश आता दुसऱ्या मजल्यावर गेले असतील, तिथं माझी सही बघून लोक पटापट सह्या करतील. घड्याळात बघितलं, वीस मिनिटं झाली होती. वीस मिनिटं तो माणूस आत होता आणि आतून एकदाही दार वाजवलं नव्हतं, हाक मारली नव्हती. एक विचार मनात आला, की निदान त्यांनी आतल्या आत संडास वापरला असेल, घाण केली असेल, सीटवर पाय दिले असतील. देवा, केली असेल तर बरं. मी ती जन्मभर घाशीन, तक्रार करणार नाही, असं मी पॅसेजमधून चालताना मनात म्हणत होते. कडी काढली. बाबा भिंतीला पाठ लावून उभे होते, कमोडपासून जितकं लांब उभं राहता येईल तितके लांब. पायजमा दोन्ही हातांनी घोट्याच्या वर उचलून धरलेला, कपाळाला घाम, टोपी तशीच डोक्यावर. भांडं पांढरंशुभ्र होतं. प्लास्टिकचा मग लवंडला होता तो त्यांनी पायाने सरळ केलेला दिसत होता. ते माझ्याकडं बघून घाईघाईने म्हणाले, 'वापरला नाय गो मी. नुसता उभा व्हतो.'